डच पूर्वजांचा शोध आणि धर्मग्रामाची नोंदवही

आपला मूळ पुरुष हॉलंडहून आला, असे आजी-आजोबांकडून ऐकलेले असते. कागद मात्र हाती नसतो. अशा श्रद्धावंतांना आमचे सांगणे आहे की, शोधाचा आरंभ आपल्याच धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीपासून करावा.

आपल्या परिसराशी डचांचा संबंध आला तो वेंगुर्ल्यामुळे. सतराव्या शतकात गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तेथून रसद मिळे. त्या वखारीचे भग्नावशेष आजही उभे आहेत. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्वतंत्र होईपर्यंत वेंगुर्ले पुणे धर्मप्रांतातच होते. तथापि डचांची मोठी वसाहत कोचीनला होती (१६६३ ते १७९५). कंपनीचे अनेक शिपाई तेथेच स्थायिक झाले, पोर्तुगीज वंशाच्या कॅथलिक स्त्रियांशी त्यांचे विवाह झाले. त्यामुळे डच कुळाची नोंद कॅथलिक चर्चमध्ये सापडणे मुळीच नवलाचे नाही.

बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक ट्रेंट परिषदेने १५६३ साली घातला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे, मातापित्यांचे व धर्मपिता-धर्ममातेचे नाव असते. पुढे विवाह झाल्यास त्याची टीप समासात येते. समास अवश्य वाचावा. त्यातूनच पुढचे चर्च, पुढचे गाव कळते. पुण्यात नाना पेठेतील सिटी चर्चचा इतिहास १७९२ पर्यंत जातो. पेशव्यांच्या सैन्यातील कॅथलिकांसाठी सवाई माधवरावांनी ती जागा दिली. लष्कर भागातील सेंट पॅट्रिक्स १८५० चे.

येथे एक अडचण येते. जुन्या नोंदी पुष्कळदा लॅटिन भाषेत आहेत. डच ‘यान’, पोर्तुगीज ‘जुआंव’ आणि इंग्रज ‘जॉन’ हे तिघेही तेथे ‘योआनेस’ होतात. ‘विलेम’ आणि ‘विल्यम’ यांचा ‘गुलिएल्मुस’. आडनावानेही फसगत होते. पोर्तुगीज ‘डी’ म्हणजे ‘चा’, तर डच ‘डी विट’ म्हणजे ‘गोरा’. शिवाय आपल्याकडे कित्येक घराण्यांना पोर्तुगीज आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली आहेत. म्हणून आडनावावरून थेट दोनशे वर्षे मागे उडी न घेता एकेक पिढी कागदाने जोडावी. असा धीर फार थोड्यांना असतो, हे आम्ही जाणतो.

नोंदवह्या जीर्ण आहेत व त्यांत इतरांची खाजगी माहितीही आहे. त्या स्वतः चाळण्याचा आग्रह धरू नये. अंदाजे वर्ष व मातापित्यांची नावे देऊन कार्यालयाकडे उतारा मागावा. मुंबई इलाख्यातील युरोपीय कुटुंबांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कोचीनचे डच दप्तर चेन्नईच्या तमिळनाडू अभिलेखागारात आहे.

एवढी साखळी जुळल्यावरच हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळावे. डच कंपनीच्या अठराव्या शतकातील वेतनवह्यांची सूची तेथे संगणकावर पाहता येते. माणसाचे नाव, मूळ गाव, जहाज आणि नोकरी कशी संपली, हे त्यात लिहिलेले असते : मायदेशी परतला, मरण पावला, किंवा पळून गेला.