बीजहीन वेलीचा वंश

गंगापूर रोडने नाशिकबाहेर पडले की लागणाऱ्या द्राक्षबागांचा इतिहास लिहिताना एक अडचण येते. ज्या थॉम्पसन सीडलेस वाणावर येथील कीर्ती उभी आहे, त्यास पेरण्याजोगे बीजच नाही. पश्चिम आशियातील किशमिश तो हाच. थॉम्पसनचे नाव त्यास एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात मिळाले. अर्थात येथील प्रत्येक वेल ही एकाच प्राचीन वेलीची, छाटामागून छाट लांबत आलेली, फांदी होय. एकीस जो रोग सोसवत नाही, तो बहुधा सर्वांसच सोसवत नाही. तास-ए-गणेश हाही तिच्यातीलच कायिक बदल. पुढे क्षार व अवर्षण यांमुळे डॉगरिज खुंटावरील कलम रूढ झाले, आणि दाबकलमाचा सोपा उपाय निरुपयोगी ठरला. कारण मातीत दाबलेली फांदी स्वतःचीच मुळे धरते, खुंटाची नव्हे. मात्र डॉगरिजही छाटानेच वाढवितात, हे आपण सहसा विसरतो.