काशीची फाटकबंदी

अस्सीपासून राजघाटापर्यंत नावेतून जाऊ लागले, म्हणजे काशीचे घाट एकामागून एक डोळ्यांसमोरून सरकू लागतात आणि त्यांत मराठी नावे पुन्हापुन्हा भेटतात. अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, भोसले घाट अशी ती परंपरा आहे. पुढे पंचगंगेपासून दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान् पिढ्या नांदत आली. काशीच्या वैभवात महाराष्ट्राचा वाटा मोठा, हे सांगताना आपल्याकडे या घाटांचाच दाखला दिला जातो, आणि तो योग्यही आहे. परंतु घाट बांधून झाला, तरी शहर चालवण्याचे काम शिल्लकच राहते. रात्री गल्लीच्या तोंडाशी पहारा कोणी द्यावयाचा, तुंबलेले पाणी कोणी काढावयाचे आणि या सगळ्याचा खर्च कोणाच्या संमतीने करावयाचा, या प्रश्नांची उत्तरे घाटाच्या शिलालेखात सापडत नाहीत. ती शोधण्यासाठी घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरावे लागते.

काशीत लोकोपयोगी कामांसाठी पैसा येण्याची पहिली वाट दानाची होती. १७८० मध्ये विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले ते अहिल्याबाई होळकरांच्या दानातून. दानाचे मोठेपण निर्विवाद आहे. पण कोठे काय बांधावयाचे, हे ठरवणारा एकटा दाता असतो आणि त्याचा हात आखडला की काम थांबते. काशी, प्रयाग आणि गया ही त्रिस्थळी करणाऱ्या मराठी यात्रेकरूंना काशीहून गयेकडे जाताना कर्मनाशा नदी ओलांडावी लागे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी जोडलेले पुण्य लयास जाते, अशी समजूत होती. यात्रेकरूंची ही अडचण दूर करावी म्हणून नाना फडणिसांनी तेथे पूल बांधण्यास आरंभ केला. पण तो पूल अपुराच राहिला. पुढे १८३० च्या सुमारास काशीचे धनिक पटनीमल यांनी खर्चाचा भार उचलला, जेम्स प्रिन्सेप याने आराखडा दिला, आणि तेव्हा कोठे तेथे दगडी पूल उभा राहिला. एका दात्याने आरंभिलेले काम पुरे व्हावयास दुसरा दाता उदयास यावा लागला.

दुसरी वाट मोहल्ल्याची. पुण्यात जशा पेठा, तसे काशीत मोहल्ले. अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांच्या तोंडाशी लाकडी फाटके असत. रात्री ती बंद होत आणि चौकीदार पहाऱ्याला उभा राही. फाटकाचा आणि चौकीदाराचा खर्च तेथील रहिवासी आपसांत वाटून घेत. हीच फाटकबंदी. रक्कम लहान, काम लहान आणि त्याचा उपयोग डोळ्यांना दिसणारा. चौकीदार जागा आहे की झोपला, हे पाहण्यास कोणा वरिष्ठाची नेमणूक करावी लागत नसे. ज्यांनी पैसे दिले त्यांच्याच दारांवरून तो फेऱ्या घालीत असे. हा व्यवहार आजच्या अर्थाने मतदानाचा नव्हता. तेथे हात वर करून मोजणी होत नसे. पंचांचा शब्द, जातीची रीत आणि शेजाऱ्याची भीड यांवर सारे चाले. तरीही देणारा आणि ठरवणारा यांच्यात फार अंतर नव्हते.

हे अंतर एकाएकी वाढले ते १८१० मध्ये. कलकत्त्याच्या सरकारने त्या वर्षीच्या पंधराव्या कायद्याने काशी, पाटणा, मुर्शिदाबाद, ढाका यांसारख्या शहरांवर घरपट्टी बसवली. राहत्या घराच्या वार्षिक भाड्याच्या शेकडा ५ आणि दुकानाच्या भाड्याच्या शेकडा १० असा तिचा दर होता. कंपनी सरकारच्या हिशेबी ही एक साधी महसुलाची बाब होती. काशीच्या लोकांना मात्र ती तशी वाटली नाही. डिसेंबर १८१० च्या अखेरीस शहरातील दुकाने बंद पडली आणि हजारो माणसे घरे सोडून शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत धरणे धरून बसली. लोहार, विणकर, न्हावी, शिंपी, कहार आपापल्या जातीप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे वेगवेगळे बसले होते, आणि कर उठेपर्यंत पांगावयाचे नाही, अशा त्यांच्या आणाभाका झाल्या होत्या. लोहारांनी आसपासच्या गावांतील जातभाईंना निरोप धाडले. नावाड्यांनी नावा बांधून ठेवल्या. अंत्यविधी करणारे कामावर न आल्याने प्रेते क्रियाकर्मावाचून गंगेत सोडण्याची पाळी आली. काशीसारख्या नगरीत याहून मोठा अनर्थ तो कोणता असणार?

या हरताळाच्या ज्या हकिकती कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कलकत्त्याला लिहून पाठवल्या, त्यांत एक तपशील विशेष बोलका आहे. हातावर पोट असलेली माणसे इतके दिवस धरणे धरू शकली, कारण ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली आणि त्या निधीतून रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या कुटुंबांचा निर्वाह चालला. सरकारने घातलेली पट्टी जे देण्यास तयार नव्हते, तेच लोक स्वतः ठरवलेली पट्टी आपखुशीने देत होते. काशीकरांचा विरोध केवळ कृपणपणाचा असता, तर हा निधी उभाच राहिला नसता.

लोकांनी सरकारपुढे जो अर्ज ठेवला, त्यातील युक्तिवाद आजही लक्षात घेण्याजोगा आहे. पूर्वीच्या सुलतानांनीसुद्धा प्रजेच्या राहत्या घरांवर आपला हक्क चालवला नव्हता, असे त्यात म्हटले होते. शास्त्राप्रमाणे काशीभोवतीचा पाच कोसांचा प्रदेश हेच पूजास्थान आहे आणि पूजास्थानांना तर कायद्यानेच सूट दिली आहे, असा चतुर मुद्दाही त्यात होता. परंतु सर्वांत भक्कम मुद्दा फाटकबंदीचा. शहरात सुमारे ५० हजार घरे धरली, तर त्यांतील बहुतेक देवस्थानांची आणि धर्मादाय आहेत. उरलेल्या घरांवरील पट्टीतून येणारी रक्कम फाटकबंदीच्या खर्चाहून फारशी जास्त होणार नाही. मग जे काम लोक स्वतःच करीत आहेत, त्याच्या मोलाइतक्या रकमेसाठी साऱ्या शहराला छळण्यात कोणता शहाणपणा आहे, असे अर्जदारांनी विचारले.

तो अर्ज मान्य झाला नाही. लष्कर हाताशी ठेवण्यात आले. तरीही तंग वातावरणात आठवड्यांमागून आठवडे गेले. हंगामी मॅजिस्ट्रेट बर्ड याने जाहीरनामे काढले. देवस्थाने आणि अगदी गरीब लोक यांना सवलती देऊ करण्यात आल्या. शेवटी काशीनरेश उदितनारायण सिंह मध्ये पडले आणि फेब्रुवारी १८११ मध्ये लोक घरोघर परतले. वर्षभराच्या अवधीनंतर, १८१२ मध्ये, सरकारने घरपट्टीचा तो कायदाच मागे घेतला.

या विजयाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. जो जमावातून निघून जाऊ पाहील, त्याला जातीच्या पंचायतीचा दंड आणि बहिष्कार यांचे भय होते. एकमत दिसत होते. पण त्या एकमतात स्वेच्छा किती आणि धाक किती, हे निवडून काढणे अवघड आहे. स्त्रियांचे मत पंचांपुढे स्वतंत्रपणे मांडले जाण्याची सोय नव्हती. ज्यांच्या श्रमांवाचून प्रेतांना अग्नीही मिळत नव्हता, त्यांना एरव्ही मोहल्ल्याच्या निर्णयात कितीसा शब्द होता? आपली गल्ली आपण चालवावी हे तत्त्व उदात्त खरे. पण ‘आपण’ या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न फाटकाच्या आतही होताच.

१८११ च्या अनुभवातून सरकारही काही शिकले. १८१३ च्या कायद्याने ढाका, पाटणा, मुर्शिदाबाद या शहरांत चौकीदारीची व्यवस्था करताना मोहल्ल्यातील गृहस्थांच्या पंचायतीने पट्टीची आकारणी करावी, असे ठरले. ही तरतूद लहान असली, तरी नागरी करासाठी नागरिकांच्या संमतीचे अंधुक रूप तीत दिसते. मात्र पंचायत कागदावर राहिली आणि वसुलीत कोतवालाचा हात जड झाला, तर काय होते, हे बरेलीत दिसून आले. १८१६ मध्ये तेथे चौकीदारी करावरूनच उठाव झाला आणि त्यात शेकडो माणसे प्राणास मुकली.

काशीत पैशाची तिसरी वाट या सुमारास उघडली. शहरात येणाऱ्या मालावरील जकातीचा काही भाग स्थानिक सुधारणांवर खर्च व्हावा, म्हणून सरकारने समित्या नेमल्या. काशीच्या समितीचा चिटणीस होता टांकसाळीतील तरुण अधिकारी जेम्स प्रिन्सेप. ब्राह्मी लिपीचे वाचन करणारा पंडित म्हणून त्याची कीर्ती पुढे झाली. पण काशीला त्याची आठवण वेगळ्या कारणासाठी ठेवावयास हवी. शहराच्या मध्यभागी मछोदरीचे पाणी साचून दलदल होत असे. प्रिन्सेपने जमिनीखालून बोगदा काढून ते गंगेत सोडले. त्याने शहराचा नकाशा तयार केला आणि १८२८-२९ च्या सुमारास घरोघरची मोजणी केली. त्यापूर्वी काशीची वस्ती सहा लाखांच्या आसपास असल्याचे सांगितले जाई. प्रिन्सेपच्या मोजणीत ती सुमारे १ लाख ८० हजार भरली. विशेष हे, की या मोजणीला आधार मिळाला तो फाटकबंदीच्या दप्तराचा. गल्लीगल्लीतील चौकीदारांना आपल्या फाटकाआतील घरे पाठ होती.

प्रिन्सेपची कामे निःसंशय उपयुक्त होती. परंतु कोणते काम आधी घ्यावयाचे, हे आता समितीच्या बैठकीत ठरू लागले. जकात भरणाऱ्या दुकानदाराला त्या बैठकीत जागा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिका आली, तीही आरंभी सरकारनियुक्त सभासदांची. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला आणि निवडणुकीचे दार किलकिले झाले. पण मताचा अधिकार मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला राहिला. या व्यवस्थेत संवाद किती तुटलेला होता, हे एप्रिल १८९१ मध्ये दिसले. भदैनी येथे नळाच्या पाण्यासाठी पंपघर उभारले जात असताना तेथील राममंदिर पाडले जाणार, या भयाने शहरात दंगल उसळली. नवे कर आणि धान्याची महागाई यांचा असंतोष आधीच साचलेला होता. शुद्ध पाणी कोणाला नको होते असे नाही. पण ज्यांच्यासाठी पाणी आणावयाचे, त्यांना विश्वासात घेण्याची वाट राहिली नव्हती.

ही वाट पुन्हा आखून देण्याचा एक विचार काशीतूनच पुढे आला. १९२३ मध्ये चित्तरंजन दास यांच्यासमवेत डॉ. भगवान दास यांनी स्वराज्याचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात गाव आणि शहर यांच्या पंचायती पायाशी होत्या, आणि त्यांच्यावर जिल्हा, प्रांत व अखिल भारत अशा पायऱ्या चढत गेल्या होत्या. त्याच वर्षी भगवान दास काशीच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९२५ पर्यंत त्या पदावर राहिले. स्वराज्याचा आरंभ दाराशी व्हावा, असे लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाला गटारे आणि दिवाबत्ती यांचा कारभार पाहावा लागला, हा योग मोठा अर्थपूर्ण होता.

पुढे प्रौढ मताधिकार आला, १९५९ मध्ये काशीला महानगरपालिका मिळाली, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांना घटनेत स्थान दिले. ‘आपण’ या शब्दाची व्याप्ती आता खऱ्या अर्थाने वाढली. १८१० च्या पंचांपुढे ज्यांना उभेही राहता आले नसते, त्यांच्या हाती मत आले. मात्र मत पाच वर्षांतून एकदा, आणि तेही माणसासाठी. गल्लीतल्या दिव्यासाठी नव्हे. ही उणीव जगात इतरत्रही जाणवली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकाचा काही भाग वस्तीवस्तीच्या सभांपुढे ठेवण्यास सुरुवात केली. केरळने १९९६ मध्ये लोकयोजनेतून ग्रामसभांना असा अधिकार दिला. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून त्यांच्या भागातील लहान लहान कामे मागवण्याची प्रथा पाडली. पदपथ, बाक, दिवे, बसथांबा अशी ही कामे असतात. निवडीचा शेवटचा शब्द तेथे प्रभाग समितीचा असतो. तरीही मागणी नागरिकाच्या हातून निघते.

एवढीशी रक्कम, एवढेसे काम. यात इतिहास कसला, असे कोणासही वाटेल. पण काशीच्या लोहारांनी, नावाड्यांनी आणि विणकरांनी कडाक्याच्या थंडीत उघड्यावर जे दिवस काढले, ते रक्कम मोठी होती म्हणून नव्हेत. चौकीदाराला वर्गणी देणारा मनुष्य घरपट्टीला नकार देत होता, कारण वर्गणी कोठे जाते हे त्याला दिसत होते आणि ती ठरवताना त्याला विचारले गेले होते. काशीच्या गल्ल्यांतून आज रात्री फाटके लावली जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. शहर आता फाटकांनी राखता येण्यासारखे राहिलेले नाही. परंतु फाटकाच्या खर्चासाठी शेजाऱ्यांनी एकत्र बसून हिशेब मांडण्याची जी सवय होती, तिची गरज मात्र प्रत्येक पेठेला, प्रत्येक मोहल्ल्याला अजूनही आहे.