शब्दांचे रहाटगाडगे

‘ढ’ हे अक्षर मराठी शाळेत दोन कामे करते. ढगातले पहिले अक्षर म्हणून ते शिकवले जाते आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला ते चिकटवलेही जाते. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीच्या अक्षरांची वळणे बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात सुधारणा होत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. ते असे, की काही मुले मुळात बदलतच नाहीत.

‘ढ’, ‘मठ्ठ’ हे आपले घरगुती शब्द. त्यांच्या जोडीला आता ‘मंद’, ‘मेंटल’, ‘मतिमंद’ हे शब्द मधल्या सुट्टीत सर्रास ऐकू येतात. गंमत म्हणजे ‘मतिमंद’ हा शब्द शिवी म्हणून जन्माला आलेला नाही. जुन्या कठोर शब्दांऐवजी एक सभ्य, शास्त्रीय शब्द हवा म्हणून तो वापरात आला. विशेष शाळांच्या पाट्यांवर, शासकीय प्रमाणपत्रांवर तो लिहिला गेला. मग तो मैदानावरच्या भांडणात कसा पोचला? हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. ईडियट, इम्बेसाइल, मोरॉन हे इंग्रजीतले आज निव्वळ शिव्या वाटणारे शब्द एके काळी वैद्यकशास्त्रातल्या संज्ञा होत्या. त्यांचा इतिहास शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे, कारण या इतिहासाचे एक टोक शाळेतच आहे.

पॅरिसमधील तीस कसोट्या

‘ईडियट’चे मूळ ग्रीक भाषेत आहे. सार्वजनिक कारभारात भाग न घेणारा, खाजगी माणूस, एवढाच त्याचा तिथे अर्थ होता. ‘इम्बेसाइल’ लॅटिनमधला, त्याचा अर्थ दुर्बल. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी हे शब्द बौद्धिक विकासाच्या पायऱ्या दाखवण्यासाठी वापरले. इंग्लंडमध्ये १८८६ साली ‘ईडियट्स अ‍ॅक्ट’ या नावाचाच कायदा झाला. पण कोणाला कोणत्या पायरीवर ठेवायचे, हे डॉक्टरागणिक बदलत असे.

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न पुढे आला. त्यासाठी १९०४ साली शासनाने एक आयोग नेमला. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने त्याचा सदस्य होता. त्याने थिओडोर सिमाँच्या मदतीने १९०५ साली तीस कसोट्यांची एक श्रेणी तयार केली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ही कामे कोणत्या वयाचे मूल सामान्यतः करू शकते, त्यावरून १९०८ मध्ये ‘मानसिक वय’ ही कल्पना आली.

बिनेचा हेतू नीट लक्षात घेतला पाहिजे. कोणत्या मुलाला जादा मदत लागेल, हे त्याला शोधायचे होते. बुद्धी ही ठरलेली, कधीही न वाढणारी राशी आहे, या मताला त्याने १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात स्पष्ट विरोध केला. लक्ष, स्मरण, विचार यांचा सराव देणारे खास पाठ त्याने सुचवले. म्हणजे त्याची कसोटी हे एका वेळचे मोजमाप होते. आज आलेला ताप मोजला, म्हणून तो माणूस कायमचा तापट ठरत नाही. १९११ साली बिनेचा मृत्यू झाला आणि त्याची कसोटी अटलांटिकपलीकडे वेगळ्याच हातांत गेली.

‘मोरॉन’चा जन्म

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड येथे अशा मुलांसाठी एक निवासी शाळा होती. तिथल्या संशोधन विभागाचा प्रमुख हेन्री गॉडार्ड याने १९०८ साली बिनेची कसोटी इंग्रजीत आणली. मानसिक वय दोन वर्षांपर्यंत असलेला प्रौढ तो ईडियट, तीन ते सात वर्षांचा तो इम्बेसाइल, अशी विभागणी झाली. आठ ते बारा वर्षे मानसिक वय असणाऱ्यांसाठी सोयीचा शब्द नव्हता. म्हणून १९१० साली गॉडार्डने ग्रीक ‘मोरोस’ (अर्थ: मूर्ख) या शब्दावरून ‘मोरॉन’ ही नवी संज्ञा बनवली. शास्त्रीय परिषदेपुढे मांडलेली संज्ञा पुढे अमेरिकाभर शिवी झाली, असे हे उदाहरण आहे.

गॉडार्डची चूक शब्द निवडण्यापुरती नव्हती. कसोटीतला आकडा हाच त्या माणसाचा स्थायी गुण, असे त्याने मानले. मेंडेलच्या वाटाण्यांप्रमाणे हा गुण एकाच आनुवंशिक घटकाने पुढच्या पिढीत उतरतो, असेही त्याने मानले. १९१२ साली ‘कॅलिकाक’ या बनावट नावाखाली त्याने एका घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. गरिबी, दारू, गुन्हे, अज्ञान या सर्वांचे मूळ रक्तात आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. दारिद्र्य, कुपोषण, शाळेचा अभाव यांचा परिणाम कसोटीवर होत असेल, ही शंका त्याने दूर ठेवली. १९२८ साली त्याने आपली बरीच मते मागे घेतली. ‘मोरॉन’ ठरवलेल्या बहुतेक माणसांना शिकवता येते, त्यांना कोंडून ठेवण्याची गरज नाही, असे त्याने लिहिले. पण तोपर्यंत उशीर झाला होता.

शब्द न्यायालयात पोचतो

१९२४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. पहिली निवड झाली ती कॅरी बक या तरुण मुलीची. सांभाळ करणाऱ्या कुटुंबाच्या नातलगाकडून तिच्यावर बलात्कार झाला होता, तिला मूल झाले आणि मग तिलाच ‘मंदबुद्धी’ ठरवून संस्थेत पाठवण्यात आले. तिची आई आधीपासून त्याच संस्थेत होती. कॅरीची मुलगी व्हिव्हियन सात महिन्यांची असताना एका समाजसेविकेने तिच्याकडे पाहून, हिच्यातही काहीतरी बरोबर नाही, अशी साक्ष दिली.

१९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका विरुद्ध आठ मतांनी हा कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, अशा आशयाचे वाक्य लिहिले. आता एक तपशील पाहा. कॅरीचे मानसिक वय कसोटीनुसार नऊ वर्षे भरले होते. म्हणजे त्या काळच्या ‘शास्त्रा’प्रमाणेसुद्धा ती इम्बेसाइल नव्हती. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर तो शब्द संज्ञा म्हणून नव्हे, शिवीसारखाच वापरला गेला. त्याच वर्षी कॅरीची शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली आणि १९३१ साली तिचे नाव गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत झळकले. १९३२ साली, आठ वर्षांची असताना, आजारपणात ती वारली.

विसाव्या शतकात अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांची अशी नसबंदी झाली. जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ साली केलेल्या नसबंदी कायद्याच्या यादीत ‘जन्मजात मंदबुद्धी’ हे पहिले कारण होते. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी केली गेली. १९४० व १९४१ या दोन वर्षांत सुमारे सत्तर हजार अपंग व मनोरुग्ण माणसे विषारी वायूने मारण्यात आली. शब्दाने कोणी मरत नाही, हे खरे. पण माणसाला आधी एका शब्दात बसवले, की त्याच्या बाबतीत पुढचे निर्णय घेणे किती सोपे जाते, ते यातून दिसते.

एका संस्थेची पाच नावे

अमेरिकेत या क्षेत्रातील तज्ज्ञांची एक संघटना १८७६ साली स्थापन झाली. तिच्या मूळ नावात ‘ईडियॉटिक’ आणि ‘फीबलमाइंडेड’ हे दोन्ही शब्द होते. १९०६ मध्ये त्यातला पहिला गळाला. १९३३ मध्ये ‘फीबलमाइंडेड’ जाऊन ‘मेंटल डेफिशियन्सी’ आले, १९८७ मध्ये ‘मेंटल रिटार्डेशन’ आले आणि २००७ मध्ये ‘बौद्धिक व विकासात्मक अक्षमता’ असे नाव घेण्यात आले. प्रत्येक वेळी नवा शब्द सौम्य म्हणून घेतला आणि कालांतराने तोच बोचू लागला. ‘रिटार्डेड’ ही शिवी इतकी रुळली, की २०१० साली कायदा करून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांतून ‘मेंटल रिटार्डेशन’ हे शब्द काढावे लागले.

भाषावैज्ञानिक स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ साली या प्रक्रियेकडे लक्ष वेधले. मराठीत तिला रहाटगाडगे म्हणता येईल. भरलेले गाडगे वर येते, रिकामे होते आणि खाली जाते. मागून दुसरे येतेच. शब्द बदलला तरी विहिरीतले पाणी, म्हणजे समाजाची दृष्टी, तेच असते.

मग शब्द बदलणे व्यर्थ आहे का? तसे नाही. ‘मंगोल’ या शब्दाची हकीकत वेगळी आहे. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली काही मुलांच्या चेहऱ्यावरून त्यांना मंगोल वंशाचे नाव दिले. आईवडिलांच्या आजारामुळे मूल दुसऱ्या वंशाच्या वळणावर जाते, अशी त्यांची समजूत होती. १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या मुलांच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. वंशाचा काही संबंधच उरला नाही. १९६१ साली एकोणीस शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पत्र लिहून हा शब्द सोडण्याची मागणी केली. १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे तीच विनंती केली. आज वैद्यकात ‘डाउन सिंड्रोम’ हीच संज्ञा आहे. इथे शब्दाबरोबर त्यामागची चुकीची उपपत्तीही गेली, म्हणून बदल टिकला. जिथे नुसती पाटी बदलते, तिथे रहाट फिरत राहतो.

आपल्याकडे

बिनेची कसोटी मराठी मुलांपर्यंतही पोचली. बेळगावचे वि. वा. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी तिचे रूपांतर केले आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. कायद्यात मात्र जुनीच भाषा होती. १९१२ सालच्या ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’मध्ये ‘ल्युनॅटिक’ म्हणजे ईडियट किंवा मन ठिकाणावर नसलेली व्यक्ती, अशी व्याख्या होती. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला, तेव्हा ती रद्द झाली. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातही ‘मेंटल रिटार्डेशन’ हाच शब्द होता. २०१६ च्या कायद्याने तो बदलून ‘बौद्धिक अक्षमता’ अशी संज्ञा आणली. याच कायद्याच्या ९२ व्या कलमानुसार अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर, मानहानीसाठी अपमान करणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

मुंबईत १९७२ साली ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. स्नायूंचा ताठरपणा दाखवणारा हा वैद्यकीय शब्द. तोही शाळांतून शिवी झाला. इंग्लंडमधील अशाच संस्थेने १९९४ साली नाव बदलून ‘स्कोप’ केले. मुंबईची संस्थाही आता ‘अ‍ॅडाप्ट’ या नावाने ओळखली जाते. जुलै २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील अपंगांच्या चित्रणाबद्दल निकाल देताना ‘क्रिपल’, ‘स्पास्टिक’ अशा शब्दांनी भेदभाव घट्ट होतो, असे म्हटले.

वर्गात काय करावे?

अपंगत्वाचा उल्लेखच टाळावा, असा याचा अर्थ नाही. जो अंध आहे त्याला अंध म्हणण्यात अपमान नाही. अनेक अंध व्यक्ती स्वतःबद्दल हाच शब्द वापरतात. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, तेव्हा अपंगांच्या चळवळीतील अनेकांनी आम्हाला दिव्यत्व नको, हक्क हवेत, असे सांगितले होते. ज्याच्याबद्दल बोलायचे, त्याला कोणता शब्द चालतो हे विचारणे, हा सर्वांत सोपा नियम आहे. ‘लंगडी सबब’, ‘आंधळा कारभार’ असे वाक्प्रचार तर भाषेत मुरलेलेच आहेत. ते बोलताना कोणाच्या शरीराचा दाखला आपण कमीपणासाठी देत आहोत, एवढा विचार मनात आला तरी पुष्कळ झाले.

पण ‘मंद’ किंवा ‘मतिमंद’ असे चिडवणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा मार दोघांना बसतो. ज्याला चिडवले, त्याला आपण न बदलणारे आहोत असे वाटू लागते. आणि ज्या मुलाला खरोखर बौद्धिक अक्षमता आहे, ते मूल, न बोललेल्या भांडणातही, नालस्तीचे माप बनते. त्याचे पालक मग तपासणीला न्यायला कचरतात, प्रमाणपत्र लपवतात, आणि लवकर मिळू शकणारी मदत उशिरा मिळते किंवा मिळतच नाही.

शिक्षकाच्या तोंडी हा शब्द आला तर परिणाम अधिक खोल होतो. रोझेन्थाल व जेकबसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुले निवडून, ती यंदा चमकतील असे शिक्षकांना सांगितले होते. लहान वर्गांतल्या अशा मुलांचे कसोटीतले गुण खरोखरच अधिक वाढले. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली आणि परिणाम मूळ दाव्यापेक्षा लहान असल्याचे दिसले. तरी शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत पोचते, एवढे त्यातून उरतेच.

मुलांना हा शब्द वापरू नका असे दटावण्यापेक्षा ‘मोरॉन’ची गोष्ट सांगून पाहावी. वरच्या वर्गांत आनुवंशिकता शिकवताना, मेंडेलच्या वाटाण्यांचा नियम माणसाच्या बुद्धीला तसाच लावला तर काय घडले, हे सांगायला चांगली संधी असते. एकविसाव्या गुणसूत्राच्या धड्याला लेज्यून यांच्याबरोबर मंगोलियाच्या विनंतीचीही जोड देता येईल. आणि प्रगतिपुस्तकातील शेऱ्याच्या रकान्यात ‘मंद’ किंवा ‘कच्चा’ असे लिहिण्याऐवजी, हे मूल आज काय करू शकते आणि पुढच्या पायरीसाठी त्याला कोणती मदत लागेल, हे दोन ओळींत लिहावे. १९०५ साली बिनेने आपली कसोटी त्याच कामासाठी तयार केली होती.