देवाच्या तोंडी घातलेली माणसांची वाक्ये

‘जो स्वतःला मदत करतो, त्यालाच देव मदत करतो.’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर असते, सत्कारसमारंभातल्या भाषणात असते, स्पर्धापरीक्षांच्या वर्गात असते. त्याच्या मागे ‘बायबलात म्हटलेच आहे’ अशी पुस्तीही अनेकदा जोडली जाते. हा समज आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत बार्ना या संशोधनसंस्थेने घेतलेल्या पाहण्यांत हे वाक्य बायबलची शिकवण आहे असे मानणारे बहुसंख्य निघाले. ज्या देशात घरोघरी बायबल आहे तिथे ही स्थिती, तर इतरत्र ती वेगळी कशी असणार?

हे वाक्य बायबलात नाही. जुन्या करारात नाही, नव्या करारात नाही, कॅथलिक परंपरा जे आणखी काही ग्रंथ मानते त्यांतही नाही. हे तपासायला विद्वत्ता लागत नाही. अलेक्झांडर क्रूडन या गृहस्थाने १७३७ साली इंग्रजी बायबलची शब्दसूची एकहाती सिद्ध केली, तेव्हापासून कोणता शब्द कोणत्या वचनात येतो हे कुणालाही काही मिनिटांत पाहता येते.

पण एवढे दाखवल्याने प्रचलित मत ढळत नाही. ते दोन पावले मागे सरून उभे राहते. पहिला पवित्रा असा की शब्द नसतील, आशय तर बायबलचाच आहे. दुसरा असा की उगम कुठला का असेना, बोध चांगला आहे, मग बिघडले काय? खरा वाद या दोन भूमिकांशी आहे. माझे म्हणणे असे की बायबलच्या नावावर खपणारी सर्वांत लोकप्रिय वाक्ये बायबलच्या आशयाला बगल देतात, काही वेळा तर त्याच्या नेमके उलट बोलतात. आणि या उलटण्याची दिशा बहुधा एकच असते. ग्रंथ ज्याला जाब विचारतो तो सुटतो आणि ग्रंथ ज्याची बाजू घेतो त्याच्याच माथी दोष येतो.

आधी उगम पाहू. इसापाच्या नावावरच्या एका कथेत गाडी चिखलात रुतते. गाडीवान हेराक्लीझचा धावा करतो. देव प्रकट होऊन सांगतो, आधी चाकाला खांदा लाव, बैलांना हाक, मग मला बोलाव. प्राचीन ग्रीक नाटककारांकडेही हा विचार आढळतो. पुढे १६४० साली छापलेल्या जॉर्ज हर्बर्टच्या म्हणींच्या संग्रहात तो येतो, ला फोंतेनच्या १६६८च्या कथांत येतो. आज रूढ असलेल्या इंग्रजी शब्दांत तो अल्जरनन सिडनी या इंग्रज राजकीय विचारवंताने लिहिला. राजाला सत्ता देवाकडून मिळते या मताविरुद्ध त्याने ग्रंथ रचला होता. १६८३ साली त्याला मृत्युदंड झाला, तेव्हा त्याच ग्रंथाचे हस्तलिखित त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडले गेले. ग्रंथ छापला गेला तो १६९८ साली. मग बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या १७३६च्या पंचांगात ते वाक्य घातले आणि ते अमेरिकेत घरोघरी पोहोचले. सॅम्युअल स्माइल्सच्या स्वावलंबनावरच्या १८५९च्या गाजलेल्या पुस्तकाची सुरुवातही ह्याच म्हणीच्या एका रूपाने होते. म्हणजे ग्रीक कथा, फ्रेंच कवी, इंग्रज बंडखोर, अमेरिकन मुद्रक अशी याची वंशावळ आहे. तीत ना कुणी संदेष्टा आहे, ना कुणी प्रेषित.

आता आशय. इथे प्रतिपक्षाचे बळ कमी लेखू नये. त्याच्याकडे तीन वचने आहेत. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडून धडा घ्यायला सांगितले आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे बजावले आहे. आणि याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास निर्जीव ठरवला आहे.

ही वचने खरी आहेत, पण ती कशाविषयी आहेत? पहिले आळसाविषयी आहे, देव कुणाला मदत करतो याविषयी नाही. दुसरे, काम करायची इच्छाच नसलेल्या आणि इतरांच्या जिवावर बसून खाणाऱ्या मंडळींतल्या काही जणांना उद्देशून आहे. ज्याला काम मिळत नाही किंवा ज्याच्याने होत नाही, त्याच्याविषयी ते काहीच म्हणत नाही. तिसरे तर प्रतिपक्षावरच उलटते. याकोबाला अभिप्रेत असलेली कृती कोणती ते त्याच्या आधीच्याच दोन वचनांत आहे. उघड्या-उपाशी भावाबहिणीला नुसते ‘सुखी राहा, पोटभर जेवा’ असे म्हणून वाटेला लावले, तर त्याचा उपयोग काय, असे तो विचारतो. याकोबाची कृती म्हणजे दुसऱ्याला केलेली मदत. तिचा आधार घेऊन ‘ज्याचे त्याने पाहावे’ असे म्हणणे हा त्या पत्रावर उघड अन्याय आहे.

आणि बायबलचा मुख्य प्रवाह कुठे वाहतो? लेवीय ग्रंथ शेतकऱ्याला आज्ञा देतो की कापणी करताना शेताचे कोने कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. परदेशातून आलेल्या विधवा रूथने बवाजाच्या शेतात वेचला तो हाच सरवा. कष्ट तिने केले, पण ते करता यावेत म्हणून दुसऱ्याच्या शेतात तिचा हक्क आधीच राखून ठेवलेला होता. प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की आपण दुर्बळ होतो त्याच वेळी ख्रिस्त आपल्यासाठी मेला. मदतीआधी पात्रता सिद्ध करण्याची अट तिथे नाही.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला दृष्टान्त तर नीट थांबून वाचावा असा आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जातो आणि एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. मग सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी पुन्हा जातो. दिवस मावळायला तास उरला असताना शेवटचा जातो, तेव्हाही काही माणसे उभीच असतात. आपल्या शहरांतल्या मजूर नाक्यावर उन्हे चढल्यावरही थांबलेली माणसे असतात, तशी. ‘दिवसभर रिकामे का उभे आहात?’ या प्रश्नावर त्यांचे उत्तर एवढेच, की आम्हाला कुणी कामावर घेतले नाही. संध्याकाळी मालक त्यांनाही पूर्ण एक दिनार देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, तेव्हा तो विचारतो की मी उदार आहे याचा तुम्हाला मत्सर वाटतो का. ज्यांना कुणी घेतले नाही, त्यांच्या भाकरीची काळजी हा दृष्टान्त वाहतो. लोकप्रिय वाक्य मात्र त्याच माणसांना सुनावते की तुम्ही स्वतःला मदत केली नाहीत.

मराठी मनाला हे वाक्य चटकन पटते, कारण आपल्याकडे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ आहे. पण ही म्हण प्रयत्न करणाऱ्याला धीर देते. देव कुणाला मदत करणार नाही, याचा निवाडा ती करत नाही. दोन्ही एकच मानणे हा आपल्या म्हणीवरही अन्याय आहे.

दुसरे वाक्य दुःखाच्या घरात ऐकू येते. ‘सोसेल त्याहून जास्त दुःख देव देत नाही.’ याचा आधार म्हणून करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय दाखवला जातो. त्यातला विषय मोहाचा आहे, दुःखाचा नाही. मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांच्या मोहात पडू नका, मोहातून निसटण्याचा मार्गही देव ठेवतो, असे पौल तिथे सांगतो. दुःखाविषयी तोच पौल त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात काय म्हणतो? आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही, अशी कबुली तो पहिल्याच अध्यायात देतो. प्रेषिताने स्वतःविषयी जे लिहून ठेवले, त्याच्या विरुद्ध वाक्य त्याच्याच नावावर सांगितले जाते. मूल गमावलेल्या आईला ते ऐकवले की तिने काय समजावे? आपण कोलमडलो तर आपलाच विश्वास तोकडा, हेच ना?

तिसरे वाक्य ‘पैसा हे सर्व अनर्थांचे मूळ.’ तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूळ म्हटले आहे ते पैशाच्या लोभाला. त्याच अध्यायात पुढे धनवंतांना सरळ आज्ञा आहे की गर्व करू नका, द्यायला तयार राहा, वाटून घ्या. लोभ वगळला की दोष नाण्याला लागतो आणि नाणे मुठीत धरणारा निर्दोष सुटतो.

चौथे, ‘स्वच्छता ही देवत्वाच्या खालोखाल.’ मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने अठराव्या शतकात पोशाखावरच्या प्रवचनात हे वाक्य वापरले, तेही आधीपासून बोलले जाणारे म्हणून. मोशेच्या नियमशास्त्रात शुद्धाशुद्धतेचे नियम पुष्कळ आहेत, हे खरे. पण येशूचे शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवले म्हणून परूशी त्याला धारेवर धरतात, तेव्हा मार्कच्या सातव्या अध्यायात तो सांगतो की बाहेरून आत जाणारे माणसाला विटाळत नाही, अंतःकरणातून निघणारे विटाळते. कुष्ठरोग्याला तो हात लावतो. घर, गाव, शहर स्वच्छ हवे याबद्दल दुमत नाही. मात्र ज्या समाजात सोवळ्याओवळ्याने माणसांना पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवले, तिथे शुचितेला देवत्वाशेजारी बसवणारे वाक्य बायबलच्या शिक्क्यानिशी फिरू देणे मला धोक्याचे वाटते.

पाचवे वाक्य छडीचे. ‘छडी आवरली की पोर बिघडले’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य त्याच्या रूढ शब्दांत सॅम्युअल बटलरच्या ‘ह्यूडिब्रास’ या विडंबनकाव्याच्या १६६४च्या भागात आहे. तिथे एक विधवा खोड्यात अडकलेल्या शूरवीराला सुचवते की माझ्यावरच्या प्रेमाखातर चाबकाचे फटके खा. त्या ओळींतले पोर म्हणजे कवींचा मदन. मात्र इथे एक गोष्ट लपवता कामा नये. नीतिसूत्रांत छडी आहे, आणि तेविसाव्या अध्यायात मारण्याचा उल्लेखही स्पष्ट आहे. ती मेंढपाळाची काठी होती असे सांगून सारवासारव करणारे तीच चूक उलट्या बाजूने करतात. पण नीतिसूत्रे हे मुलाच्या प्रेमाला बांधलेल्या बापाला सांगतात, आणि बापांनी मुलांना चिडवू नये अशी आज्ञा इफिसकरांस पत्रात आहे. ती सोडून छडी तेवढी शाळेत आली. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याने आपल्या शाळांत शारीरिक शिक्षेला मनाई आहे. तिच्याविरुद्ध धर्मग्रंथ उभा करू पाहणाऱ्याने निदान तो अख्खा वाचावा.

आता ‘बिघडले काय?’ या प्रश्नाकडे येतो. त्याचे उत्तर बायबलातच आहे, ईयोबाच्या ग्रंथात. ईयोबाची मुले गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र येऊन त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर नुसते बसले. ते बोलू लागले ते त्यानंतर. देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्याच हातून काही घडले असेल, हे त्यांच्या भाषणांचे सार. त्यांतले एकेक वाक्य सुटे काढले तर धार्मिक वाटते, भिंतीवर लावावेसे वाटते. पण ग्रंथाच्या शेवटी देव अलीफजाला सांगतो की माझा क्रोध तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर पेटला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. देवाला जाब विचारणारा ईयोब खरा ठरतो, देवाची वकिली करणारे खोटे ठरतात. देवाच्या नावावर सोयीची वाक्ये सांगणे निरुपद्रवी आहे, हे मत स्वतः बायबलला मान्य नाही.

हा प्रश्न ख्रिस्ती लोकांचाच आहे असेही कुणी समजू नये. दवाखान्यांत, दुकानांत ‘गीतासार’ म्हणून टांगलेली ‘जे झाले ते चांगले झाले’ ही तसबीर पाहा. गीतेच्या अठरा अध्यायांत असा श्लोक नाही. उलट शोकाने धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला कृष्ण पुन्हा पुन्हा ऊठ म्हणतो. इथेही जाब विचारणारा ग्रंथ थोपटून झोपवणारा झाला.

मग या वाक्यांचे करायचे काय? टाकून द्या असे मी म्हणत नाही. इसापाची कथा इसापाची म्हणून सांगावी, फ्रँकलिनचे वाक्य फ्रँकलिनचे म्हणून. माणसाचे वाक्य म्हणून आले की त्याच्याशी वाद घालता येतो. देवाचे म्हणून आले की ऐकणाऱ्याचे तोंड बंद होते, आणि बहुधा ते तोंड गरिबाचे, शोक करणाऱ्याचे किंवा लहान मुलाचे असते. म्हणून ‘बायबलात म्हटले आहे’ असे कुणी म्हटले की अध्याय आणि वचन विचारावे, आणि ते मिळाले की मागची-पुढची दहा वचनेही वाचावीत. मराठी वाचकाला सबब नाही. विल्यम कॅरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान निघाले. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकामाणसांना कळावे म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आयुष्याच्या अखेरीपर्यंत भाषांतर केले. ते १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आपल्या काळात ‘सुबोध बायबल’ दिले. ग्रंथ सामान्यांच्या हाती यावा, त्याच्या नावाने कुणी काहीही सांगितले तर त्यांना स्वतः पडताळता यावे, यासाठीच ही खटपट होती. ती पडताळणी करणे हे ग्रंथाच्या श्रद्धाळू वाचकाचे कर्तव्य आहे, आणि श्रद्धा नसलेल्या पण न्यायाची चाड असलेल्या वाचकाचेही.