सेतुबद्ध संगणक-जाळ्यांतील ब्रॉडकास्ट संदेश आणि दोषशोधन : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगणक-जाळ्यांच्या इतिहासात वेग आणि क्षमता यांची चर्चा विपुल आढळते. दोषांचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात ब्रिजने जोडलेल्या जाळ्यांतील ब्रॉडकास्ट संदेशांची समस्या व तिच्या दोषशोधनाचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी

१९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एका केबलवरील प्रत्येक संदेश सर्व संगणकांपर्यंत पोहोचणे हा तिचा पाया होता. १९८२ मधील एआरपी या नियमावलीने त्याचाच उपयोग केला : समोरच्या संगणकाचा हार्डवेअर पत्ता ठाऊक नसल्यास तो सर्वांना विचारायचा. लहान जाळ्यात ही सोय निर्धोक होती. पुढे अनेक केबल ब्रिजने जोडल्या जाऊ लागल्या. प्रेषकाच्या पत्त्यावरून कोणता संगणक कोणत्या बाजूस आहे हे ब्रिज शिकतो आणि अनावश्यक संदेश रोखतो. परंतु ब्रॉडकास्ट संदेश त्याला इतर सर्व बाजूंना पाठवावाच लागतो.

वर्तुळाचा धोका

एक दुवा तुटल्यास दुसरा असावा म्हणून पर्यायी मार्ग ठेवले, की जाळ्यात वर्तुळ तयार होते. आयपी संदेशाला आयुर्मर्यादा असते. इथरनेट चौकटीला ती नसते. त्यामुळे ब्रॉडकास्ट संदेश वर्तुळात अखंड फिरतो, त्याच्या प्रती वाढतात आणि अल्पावधीत सारे जाळे ठप्प होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्पॅनिंग ट्री’ पद्धतीने यावर उपाय दिला. ब्रिज परस्परांत संदेश देऊन जादा दुवे राखीव ठेवतात व वर्तुळविरहित वृक्ष उभा करतात. १९९० मध्ये ही पद्धत ८०२.१डी या मानकात समाविष्ट झाली.

बॉस्टनचा अनुभव

या उपायालाही मर्यादा होती. मानकातील प्रचलित कालमूल्ये सलग सात ब्रिजपर्यंतचा विस्तार गृहीत धरतात. बॉस्टनच्या बेथ इस्राएल डिकॉनेस वैद्यकीय केंद्राचे जाळे वाढत वाढत या मर्यादेपलीकडे गेले होते. १३ नोव्हेंबर २००२ रोजी एका संशोधन-प्रणालीने प्रचंड माहिती जाळ्यात सोडली आणि ते कोलमडले. काही दिवस रुग्णांच्या तपासण्या व औषधांच्या नोंदी कागदावर कराव्या लागल्या. लक्षण सर्वत्र दिसत असले तरी मूळ दोष जाळ्याच्या रचनेत होता.

दोषशोधनाची रीत

अशा वेळी देखरेखीची साधनेही त्याच कोंडलेल्या जाळ्यावर अवलंबून असतात. म्हणून जादा दुवे एकेक करून तोडणे, एकच पत्ता वारंवार वेगवेगळ्या बाजूंना दिसतो का हे तपासणे आणि मुळाशी कोणता ब्रिज निवडला गेला आहे हे पाहणे, ही क्रमवार पद्धत रूढ झाली. त्यासाठी जाळ्याचा अद्ययावत आराखडा हाताशी असणे अनिवार्य ठरते.

निष्कर्ष

ब्रॉडकास्टची समस्या केवळ यंत्रदोषातून उद्भवत नाही. एका केबलसाठी योजलेली सोय विस्तारलेल्या जाळ्यात तशीच राहिल्याने ती उद्भवते. राउटरने जाळ्याचे स्वतंत्र विभाग पाडल्यास ब्रॉडकास्ट संदेश त्या त्या विभागापुरते मर्यादित राहतात. विस्ताराबरोबर रचनेचा फेरविचार न केल्यास त्याची किंमत रुग्णशय्येपर्यंत पोहोचते, हेच २००२ च्या घटनेने सिद्ध केले.