जार्गन फाइल

संगणक प्रोग्रॅमरांच्या बोलीतील शब्दांचा, अनेकांच्या हातून वाढत गेलेला इंग्रजी कोश. रॅफेल फिंकेल यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत त्याची सुरुवात केली.

इतिहास : प्रारंभी ही केवळ शब्द आणि अर्थ टिपलेली एक फाइल होती. १९७६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तिची प्रत नेटवर्कवरून एमआयटीच्या प्रयोगशाळेत नेली. पुढे गाय स्टील आदींनी तीत भर घातली आणि दोन्ही प्रयोगशाळांतील प्रती वेळोवेळी जुळवून घेतल्या जाऊ लागल्या. १९८३ मध्ये या फाइलवर आधारित ‘द हॅकर्स डिक्शनरी’ हे पुस्तक निघाले. त्याच सुमारास या प्रयोगशाळांमधले पीडीपी-१० संगणकांचे पर्व ओसरले आणि फाइलची वाढ थांबली. १९९० मध्ये एरिक रेमंड यांनी तिचे पुनरुज्जीवन करून युनिक्स व यूजनेट यांच्या जगातले शब्द घेतले. १९९१ मध्ये एमआयटी प्रेसने तिला ‘द न्यू हॅकर्स डिक्शनरी’ या नावाने ग्रंथरूप दिले. तिसरी आवृत्ती १९९६ ची.

स्वरूप : नोंदीत शब्द, उच्चार, व्याकरण, अर्थछटा आणि शक्य तेथे व्युत्पत्ती असते. उदाहरणातल्या कोणत्याही गोष्टीला तात्पुरते द्यायचे ‘फू’ हे नाव, किंवा कशीबशी जुळवलेली पण काम भागवणारी ‘क्लूज’ ही रचना, असे शब्द येथे त्यांच्या इतिहासासह सापडतात. यंत्रणेची खोलवर उकल करण्यात रमणारा तो ‘हॅकर’ आणि सुरक्षा फोडून आत शिरणारा तो ‘क्रॅकर’, हा भेद या कोशाने आग्रहाने मांडला.

मर्यादा : हा एका समुदायाचा बोलीकोश आहे, प्रमाण तांत्रिक व्याख्यांसाठी तो नाही. रेमंड यांनी जुने शब्द वगळले आणि स्वतःची मते नोंदींत आणली, अशी टीका झाली. २००४ नंतर मोठी सुधारणा नसल्याने अलीकडचे शब्द त्यात मिळत नाहीत.

पूरक कोश : डेनिस हाऊ यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या ‘फोल्डॉक’ या मुक्त ऑनलाइन कोशात प्रोग्रॅमिंग भाषा, प्रोटोकॉल, संक्षेप यांच्या व्याख्या आहेत, जार्गन फाइलमधील अनेक नोंदीही त्यात समाविष्ट आहेत. इंटरनेटच्या मूलभूत संज्ञांसाठी १९९६ चा ‘आरएफसी १९८३’ हा शब्दसंग्रह उपयोगी आहे.

महत्त्व : शब्द वापरणाऱ्यांनीच त्यांचे अर्थ नोंदवले आणि फाइल कोणालाही विनामूल्य उतरवून घेता आली. त्यामुळे पुस्तकांत न येणारी प्रयोगशाळांमधली बोली तिच्या विनोदासह टिकली. संगणक-संस्कृतीच्या अभ्यासकाला हे साधन टाळता येत नाही.