खीळ, मेख आणि चावी : एका नामसंभ्रमाचा इतिहास

चैत्र शुद्ध एकादशीस नाशिकात रामरथ व गरुडरथ निघतात. अशा नगरीत दशरथाच्या रथाची कथा कोणास नव्याने सांगावी लागत नाही. युद्धात चाकाची खीळ निखळली आणि कैकेयीने त्या जागी आपला हात घालून रथ सावरला, ही ती कथा. वाल्मीकींच्या रामायणात मात्र हा प्रसंग नाही; तेथे कैकेयी जखमी राजास रणांगणातून दूर नेते, एवढेच. खीळ निखळल्याचा वृत्तांत उत्तरकालीन अध्यात्मरामायणात येतो आणि तेथे शब्द आहे 'अक्षकील'. आसाच्या टोकाशी बसणाऱ्या याच वस्तूस ऋग्वेदात 'आणि' असे नाव आहे.

'कील' वरून आलेली मराठी 'खीळ' पाहू गेल्यास अर्थ उलटा झालेला दिसतो. रथाची खीळ चाकास अडवीत नाही. ते आसावरून बाहेर सरकू नये, एवढेच ती पाहते. चाक निर्वेध फिरते ते तिच्यामुळेच. परंतु 'कामास खीळ बसली' म्हणजे काम थांबले, आणि 'दातखीळ' म्हणजे जबडा मिटून राहणे. निखळणे रोखणारी व हालचाल रोखणारी, अशा दोन्ही वस्तूंस एकच नाव मिळाल्याचा हा परिणाम होय. फारसीतून आलेली 'मेख' तंबूस आधार देते, पण 'मेख मारणे' हा वाक्प्रचार विघ्नाचाच. भाषेने या बापड्या वस्तूंचे उपकार स्मरलेले दिसत नाहीत.

खरा घोटाळा रेल्वेबरोबर वाढला. थळ घाटातील लोहमार्ग 1865 साली खुला झाला. त्या काळच्या रचनेत रूळ बिडाच्या बैठकीत बसवून बाजूने पाचर ठोकीत. इंग्रज या पाचरीस 'की' म्हणत; आपल्याकडे तिची 'चावी' झाली. चावी हा शब्द मूळचा पोर्तुगीज, कुलपाशी निगडित. म्हणजे पोर्तुगीज शब्दाच्या अंगावर इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ चढला. रोज ठरलेल्या टापूतून चालत जाऊन सैल पाचरी ठोकणारा कामगार 'चावीवाला' ठरला. त्याच्याजवळ कुलूप नसते. पुढे लवचीक क्लिपा आल्या, तरी पदनाम टिकले. कारखान्यातही दांडा व चाक यांच्या खाचेत बसणारा चौकोनी तुकडा 'चावी'च म्हणवतो.

हा दोष केवळ मराठीचा नव्हे. जुन्या सायकलीचा दांडा पक्का करणारी, एका अंगाने सपाट तासलेली पाचरवजा पिन म्हणजे 'कॉटर'. अमेरिकेत मात्र 'कॉटर पिन' म्हणजे दुपदरी तारेची, पाय फाकवून बसवावयाची पिन. तिलाच ब्रिटनमध्ये व आपल्याकडे 'स्प्लिट पिन' म्हणतात. दट्ट्यास जोडदांड्याशी बांधणारी पिन ब्रिटिशांची 'गजन', अमेरिकनांची 'रिस्ट'.

यास्तव रेल्वेच्या जुन्या इंग्रजी हिशेबांचे भाषांतर करताना 'की' दिसताच किल्ली लिहिणे धोक्याचे आहे. नोंद कुलपांजवळ आहे की रूळ-बैठकींजवळ, हे आधी पाहावे. परिभाषेत प्रत्येक पिनेस सरसकट 'खीळ' म्हणावे, हा आग्रहही आम्हांस मान्य नाही. निखळू न देणारी ती खीळ, घट्ट आवळणारी ती पाचर, इतका भेद तरी राखावा. दुकानदाराकडे नुसती 'खीळ' मागितल्यास तो प्रथम विचारील, कशाची?